नव्या नाकाची माणसं

सबनीस मॅडमनी डबा उघडला की पहिला घास त्या स्वतः कधी खायच्या नाहीत. आपल्या भाजीतली चमचाभर समोरच्याच्या डब्यात वाढायच्या आणि त्याचं तोंड बघत बसायच्या. त्यानं खाल्लं, कपाळाला आठी पडली नाही, की मग त्यांचा हात चालायचा. स्टोअरमधले कदम नवीन आले तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले, "काय माया हो त्या बाईची, रोज मला भाजी वाढतात." मी म्हटलं, "कदमभाऊ, माया नाही ती. भाजी आंबलीय का ते तुमच्या तोंडावर बघतात त्या." दुसऱ्या दिवसापासून कदम खिडकीपाशी जाऊन जेवायला लागले.

मॅडमना वास येत नव्हता. जन्मापासून नव्हे. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात होत्या, तिथे फिनॉलची नळी फुटली. डोळे वाचले, हातावर पांढरे डाग राहिले, आणि नाक गेलं ते गेलंच. हे त्या फार साधेपणानं सांगायच्या, एखादी बांगडी फुटल्यासारखं. "वास गेला म्हणजे चवही गेली, मावशी. तिखट-मीठ कळतं तेवढंच. आंबा आणि रताळं मला सारखंच."

मॅडम कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट, आणि मी तिथेच काचसामान धुवायला होते. आमचं गाव साताऱ्याकडचं. आमचे मालक मार्केटमध्ये माथाडी, म्हणून आम्ही इकडे नवी मुंबईत आलो, आणि घरात पोरं मोठी झाल्यावर मी ही नोकरी धरली. ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात, मागच्या अंगाला मिठागरं आणि खाडी, अशी ती कंपनी. कापडाचे रंग करायला लागतो तो कच्चा माल तिथे व्हायचा. नव्वद सालानंतरची गोष्ट ही, पण नक्की साल विचारू नका.

तेव्हा कंपनीचं सांडपाणी मागच्या नाल्यानं खाडीला जायचं. आज लाल, उद्या जांभळं. नाल्याच्या तोंडाशी बगळे उभे असत, त्यांचे पाय गुलाबी झालेले. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटलं, ही जातच तशी असेल. किती सुंदर दिसतात, असंही वाटलं. पुढं कळलं.

त्या नाल्याच्या कडेला आगरी लोकांचं गाव होतं आणि गावाचं एक तळं. तळ्यात जिताडे पाळायचे. जिताडा म्हणजे त्या लोकांचा मानाचा मासा, जावई आला की जिताडा. कंपनीचं रंगीत पाणी एका पावसाळ्यात तळ्यात शिरलं आणि सगळे मासे पांढरे होऊन वर आले. गाव गेटवर येऊन बसलं. शेवटी ठरलं असं की तळं उपसून साफ करायचं आणि कंपनीनं पाणी शुद्ध करून ते तळं परत भरून द्यायचं. तळ्याचा मक्ता होता जानकीआईकडे. म्हातारी काटक, कासोटा घातलेली, आवाज असा की पंपाच्या वर ऐकू यावा. तिचं सगळं घर त्या तळ्यावर चालायचं. मॅडमनी गेटवर सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "आई, माझी खात्री पटल्याशिवाय थेंब सोडणार नाही. आणि पटली की एक दिवस थांबवणार नाही."

हा शब्द मॅडमनी दिला. पुढचं सगळं त्यातून झालं.

मग पाणी शुद्ध करायचे ते पडदे आले. परदेशातून, लाकडी खोक्यांतून. पांढऱ्या, माणसाएवढ्या उंच सुरनळ्या, आत पातळ पडदा गुंडाळलेला. त्या पोलादी नळ्यांत बसवायच्या आणि पंपानं पाणी जोरात दाबायचं. मी विचारलं, "मॅडम, एवढ्या तेवढ्या कागदानं काय गाळणार?" तर म्हणाल्या, "मावशी, तुमची पिठाची चाळण कशी, तसंच. फक्त याची भोकं इतकी बारीक की रंगाचा कणही अडतो." आणि खरंच हो. एका बाजूनं जांभळं पाणी आत, दुसऱ्या बाजूनं असं पाणी बाहेर की पेला भरलाय का रिकामा, ते हात लावल्याशिवाय कळू नये. आमचे मॅनेजर गद्रे साहेब पेल्याच्या मागे वर्तमानपत्र धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावायचे. लॅबचे आकडे उत्तम. सगळा कारखाना खूश.

मॅडम खूश नव्हत्या. "डोळ्यांना फार लवकर पटतं," म्हणायच्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमीचं.

त्या पाण्याची एक काचेची टाकी करून त्यांनी लॅबच्या व्हरांड्यात ठेवली आणि त्यात मासे सोडले. मासे मेले नाहीत. पण चार-आठ दिवसांनी मी टाकी पुसायला गेले आणि माझा हात थांबला. सगळे मासे एका कोपऱ्यात, एकाच भिंतीकडे तोंड करून उभे होते. पोहत नव्हते. शेपट्या नुसत्या हलत होत्या. टाकी फिरवून ठेवली तर हळूहळू वळले आणि पुन्हा त्याच दिशेला उभे राहिले. खाडीच्या दिशेला, असं मला वाटलं. गद्रे साहेब म्हणाले, "जिवंत आहेत ना? मग झालं तर." दुपारच्या सुट्टीत मॅडम त्या टाकीसमोर उभ्या राहायच्या, अगदी जवळ, आणि त्यांचं तोंडही हळूहळू तसंच व्हायचं, ओठ जरा उघडे, पापणी न हलणारी. मी हाक मारायचे ती त्यांच्यासाठी नव्हे, माझ्याच जिवाला बरं वाटावं म्हणून.

त्यांना संशय असा होता: रंगाचा कण मोठा, तो पडदा अडवतो. पण फिनॉलच्या कुळातले काही कण फार लहान, ते निसटत असतील तर? "पिठात मीठ मिसळलं तर तुमची चाळण ते अडवील का? आणि हे मीठ इतकं थोडं की आपल्या यंत्रालाही सापडत नाही. पण माशाच्या मांसात ते साठत जातं." मी म्हटलं, मग कळणार कसं? मॅडमनी नाकावर बोट ठेवलं. "माणसाचं नाक यंत्रापेक्षा तिखट असतं, मावशी. फक्त माझं नाही."

मी लगेच हुंगलं. काही वास नव्हता. कदमांनी हुंगलं, गेटवरच्या सगळ्यांनी हुंगलं. स्वच्छ पाणी. मॅडमनी मान हलवली. "तुम्ही सगळे इथले. इथलं नाक काय सांगणार?"

तिथून सुरू झालं त्यांचं बाटलीचं वेड. पर्समध्ये काचेच्या बुचाची एक बाटली, त्यात ते पाणी, आणि बाहेरगावचा माणूस दिसला की त्याच्यापुढे बाटली. न्हावा शेव्याहून आलेला परप्रांतातला ट्रकवाला, कोणाच्या घरी आलेले पाहुणे, स्टँडवरचा माणूस. "दादा, तुम्ही आजच आलात ना इकडे? एवढं हुंगून सांगता का?" लोक घाबरायचे. गुंगीचं औषध देऊन लुटणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या होत्या तेव्हा. एका ट्रकवाल्यानं तर त्यांना हात जोडले, "बहनजी, गाडी ले लो, जान छोडो." आम्ही पोट धरून हसलो होतो. मॅडमही हसल्या, पण बाटली आत गेली नाही.

संक्रांतीला मी माझ्या घरी हळदीकुंकू केलं. सोसायटीतल्या बायका, आणि मॅडमना मुद्दाम बोलावलं. हळदीकुंकू झालं, हातावर अत्तर लावून झालं, वाण दिलं, आणि बघते तर मॅडमनी पर्स उघडलेली. मी डोळे वटारले. काही उपयोग नाही. एकेकीच्या नाकाखाली बाटली. "नाही हो वास." "पाणीच आहे ना?" "गंगाजल का मॅडम?" हसणंखिदळणं. मग खालच्या मजल्यावरच्या पाटलांची नवी सून, सुनीता, नुकतीच कराडकडून आलेली, तिच्यापुढे बाटली आली. तिनं हुंगलं आणि मान मागे झटकली. तोंडाला पदर लावला.

"ह्यो वास तर घराघरांत येतोय," ती म्हणाली. "आल्यापासनं. आमच्या गावच्या दवाखान्यात फरशी पुसतात बघा, तसला. उशीला येतो, तांदळाला येतो. मी सासूबाईंना इचारलं, तर म्हणाल्या, तुला भास होतोय."

प्रत्येक बाई आपलाच हात हुंगत होती. अत्तराचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

मॅडम सुनीताला सोन्यासारखं जपायला लागल्या. रविवारी तिच्याकडे जायच्या, वेगवेगळ्या बाटल्या हुंगवायच्या, पडद्याचा दाब बदलून नवं पाणी आणायच्या. सुनीताही हौसेनं सांगायची, यात जास्त, यात कमी. होळी झाली. मी पुरणपोळी द्यायला पाटलांकडे गेले तर मॅडम बसलेल्या. सुनीतानं बाटली हुंगली, पुन्हा हुंगली, आणि हसून म्हणाली, "साधं पाणीच तर हाय की, मॅडम."

"आणि घरात? उशीला?"

"कसला वास? कधी म्हटलं होतं मी?"

मॅडमनी बाटलीला बूच लावलं. जिना उतरताना माझा हात धरला. "गेली, मावशी," म्हणाल्या. "हीही गेली." जसं काही सुनीता वर जिवंत बसलेलीच नव्हती.

इकडे कंपनीला घाई. गावालाही घाई. तळ्याला पाणी आणणारा वरचा ओढा कधीच कंपनीच्या भिंतीआड गेलेला, त्यामुळे पावसाचं पाणी तळ्यात येत नसे. गद्रे साहेबांनी तळ्याचा एक कोपरा मातीचा बांध घालून वेगळा केला होता, त्यात पडद्याचं पाणी सोडून जिताडे वाढवले होते. मासे मोठे झाले. "आता आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?" साहेब विचारायचे. "पडद्यानंतर कोळशाची टाकी बसवा," मॅडम म्हणायच्या, "बारीक कण कोळसा धरून ठेवतो. मग सोडा." साहेब म्हणायचे, "आकड्यात जे नाही ते धरायला कोळसा? मुख्य ऑफिसला काय सांगू, एका सुनेला वास आला होता?" आणि जानकीआई रोज गेटवर. "काय गो बाय, शब्द दिलास ना? पानी काचेवानी हाय, आनि तू आमाला सुकवतंस. सोर ना पानी!"

तिला काय दोष द्यायचा? तिचं तळं होतं.

चैत्रात गावानं जेवण घातलं. रीत अशी की तळ्याचा पहिला मासा पाहुण्यांना. जेवण झालं की साहेबांनी नारळ फोडायचा, मनात नसलं तरी शब्द दिलेल्या मॅडमनीच व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं आणि अख्खं तळं भरायला घ्यायचं. जानकीआईच्या अंगणात पंगत बसली. जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी. असं कालवण मी जन्मात खाल्लं नव्हतं. गद्रे साहेबांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मॅडम घास हातात धरून आमची तोंडं बघत होत्या, आणि आमची तोंडं म्हणजे काय, सण!

तेवढ्यात जानकीआईची लेक बेबी आली. तिला अलिबागच्या पलीकडे दिलेली. एसटी चुकली म्हणून उशीर झाला, हातपाय धुऊन तशीच पंगतीत बसली. पहिला घास तोंडात घातला आणि अंगणाच्या कडेला धावत जाऊन थुंकून आली.

"आये! यो मासा फिनेलान धुतलास काय गो?"

जानकीआई खवळली. "चार मानसांत काय बोलतंस? सगली जेवतान ती येडी काय?"

"तुमी खाताव कसा यो?" बेबी आमच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. स्मशानातून कोणी उठून आल्यावर बघावं तशी.

पंगत थांबली. मग, कोणी सांगितलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी आणखी एक घास घेतला. चावला. जिभेवर घोळवला. छान लागत होता. तेच फार वाईट होतं, दुसरं काही नाही. मासा छान लागत होता.

मॅडम उठल्या. उष्ट्या हातानं बांधावरून चालत गेल्या आणि त्या कोपऱ्यात जाणारं पाणीही बंद केलं. साहेब मागून ओरडले, "मॅडम, हात तरी धुवा!" त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

त्यानंतर मॅडम काळी छत्री आणि लॅबमधलं एक स्टूल घेऊन व्हॉल्व्हपाशी बसायला लागल्या. सकाळी कंपनीचं काम आटोपून जायच्या ते संध्याकाळी आमची बस निघेपर्यंत. साहेबांना त्यांना उचलून आणता येईना की त्यांच्यावाचून चाक फिरवता येईना; शब्द मॅडमनी दिलेला, गावासमोर शोभा झाली असती. गावातल्या बायका शिव्या घालायच्या. जानकीआई मात्र पंगतीनंतर दिसेना. कोणी म्हणे रुसली, कोणी म्हणे लेकीकडे गेली. ती गेली होती लेकीकडेच, आणि कशासाठी ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

महिनाभरानं परत आली. त्या दिवशी मी मॅडमचा चहा घेऊन बांधावर गेले होते. लांबून जानकीआई येताना दिसली, पदर नाकाला, चाल अशी की आजारी माणसाची. एरवी अर्ध्या वाटेवरून आवाज द्यायची. आली आणि मॅडमच्या पायाशी बसली.

"खाडीचा पूल आला आनि माना वकारी आली," ती म्हणाली. "माना वाटला, गाडी लागली. मग घरात गेले. बाय, माज्या लुगऱ्याला वास हाय. पेटीतल्या लुगऱ्याला! पान्याच्या हंड्याला हाय." तिनं नाकावरचा पदर घट्ट दाबला. "नातू आला धावत, त्याला उचलला. त्याच्या टालूला हाय गो. पोराच्या टालूला."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता दोघी रडतील. रडल्या नाहीत. जानकीआई डोळे पुसून म्हणाली, "जास्ती दिस नाय राहनार ना यो नाक माजा? मग बसलीस काय? काय करायचा तो कर."

आणि मॅडमनी केलं. साहेबांशी भांडून करवंटीच्या कोळशाचं एक पिंप मिळवलं, पडद्याच्या पुढं जोडलं. पिंपातून पाणी काढायचं, जानकीआईनं हुंगायचं. "हाय." कोळसा वाढवायचा, पाणी अजून हळू सोडायचं. "हाय, पन कमी." म्हातारी घरी झोपायलाही जाईना, कंपनीचा वारा येणार नाही अशा बाजूला, लांब मिठागरावर झोपडीत राहायची, तेवढंच नाक टिकावं म्हणून. सख्ख्या नातवाला जवळ येऊ देईना. दोघी एका छत्रीखाली बसलेल्या. कंपनीच्या बसमधून त्या दिसायच्या. माशांचा तो कोपरा सोडला तर तळं कोरडं ठणठणीत, पण उन्हानं त्या भेगांवर असं काही झळझळायचं की वाटावं, काठोकाठ भरलंय, आणि भरल्या पाण्यावर दोन बायका स्टूल टाकून बसल्यात.

पुढचं आधीच सांगून टाकते. मे अखेरीस आम्ही गावी गेलो, सासूबाई अंथरुणावर होत्या. परत आलो तेव्हा तळं भरलेलं होतं. मॅडमच्या टेबलावर दुसरे एक साहेब बसत होते. मॅडम कुठे गेल्या, कोणी म्हणे भावाकडे कोकणात, कोणी काही. तळ्यातले जिताडे लोक आजही आवडीनं खातात, म्हणे. कोणाची तक्रार नाही. पण तक्रार कोण करणार, सांगा.

मी मॅडमना शेवटचं बघितलं ते गावी जायच्या आदल्या दिवशी. निरोप घ्यायला बांधावर गेले. पिंपातून पाण्याची बारीक धार पडत होती. जानकीआईनं ओंजळ भरली, नाकाशी धरली. डोळे मिटले. फार वेळ धरली. पाणी बोटांतून गळून गेलं तरी ओंजळ तशीच.

"नाय," म्हणाली. "आता नाय येत."

माझ्या छातीतलं ओझंच उतरलं. मी म्हटलं, "झालं हो मॅडम! झालं एकदाचं!"

मॅडम हलल्या नाहीत. जानकीआईकडे बघत होत्या, जेवताना समोरच्याकडे बघायच्या त्याहून बारीक. मग अगदी हळू विचारलं, "आई, पाण्याला येत नाही, की तुम्हाला येत नाही?"

म्हातारीनं घाईघाईनं आपला पदर हुंगला. मग दंड हुंगला. मग गावाकडे तोंड करून लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. तिच्या तोंडावर भीती मी त्या एकदाच पाहिली.

"ता कसा सांगू गो?" ती म्हणाली. "माना कायच कलत नाय."

रस्त्यावरून आमच्या बसनं हॉर्न दिला. मी निघाले. बसच्या मागच्या काचेतून बघत राहिले. मॅडम स्टुलावरून उठल्या होत्या, छत्री खाली पडली होती, आणि त्यांचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता. जानकीआई त्यांच्या हाताकडे बघत उभी. मिठागराच्या वळणापर्यंत मी बघितलं. तोवर तरी चाक फिरलं नव्हतं.